वाल्दोरोच्या हद्दीतलं हरीण

डॉक्टरांचा हात थरथरतोय हे कासिल्दाने पहाटे कॉफी ओततानाच पाहिलं. कप बशीवर किणकिणला, तसा डॉक्टर एस्केर्रांनी तो चटकन उचलून दोन्ही तळव्यांत धरला.

"आज गारवा आहे जरा," ते म्हणाले.

सप्टेंबरचा तिसरा आठवडा होता. स्वयंपाकघराच्या दोन्ही खिडक्या उघड्या होत्या आणि कासिल्दा बिनबाह्यांच्या बंडीत उभी होती. "हो, आहे थोडा," ती म्हणाली आणि पाव कापायला वळली.

केहिगालेसच्या जंगलाची राखण ती अकरा वर्षं करत होती. त्याआधी तीस वर्षं तिचे वडील निकासियो करत होते. डॉक्टर एस्केर्रा झारागोझाहून दर वर्षी हरणं माजावर आली की शिकारीला यायचे. हे त्यांचं तेविसावं वर्ष. ते डोळ्यांचे सर्जन. सहा वर्षांपूर्वी निकासियोला समोरचं माणूस दिसेनासं झालं, तेव्हा डॉक्टरांनी त्याला आपल्या गावी नेऊन दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं केली, आठवडाभर घरी ठेवून घेतलं आणि पुन्हा कधी त्या गोष्टीचा उच्चार केला नाही. अशा माणसाला त्याच्याच हाताबद्दल काय बोलणार?

"कुठला देणार आहेस मला?" डॉक्टरांनी विचारलं.

"कानतुटका."

"अगं, तो तर तुझा लाडका!"

"म्हातारा झालाय. दात झिजलेत. हा हिवाळा काढायचा नाही. मालक म्हणाले, द्यायचाच तर डॉक्टरांना दे."

नऊ वर्षं ती त्या नराला ओळखत होती. डावा कान अर्धा फाटलेला, शिंगांना सोळा टोकं, आणि आवाज असा की दरीत कुठेही असला तरी कळावं, हा तो. त्याला मारायचं म्हणून तिला फार वाईट वाटत नव्हतं. एक गोळी, बरोबर खांद्यामागे, की ते जनावर दहा पावलं जाऊन कोसळतं. भुकेने खंगून मरण्यापेक्षा ते बरं, असं तिचे वडील म्हणत आणि तिलाही ते पटत असे.

तांबडं फुटायच्या आत दोघं ओढ्याच्या वरच्या अंगाने चढू लागली. कासिल्दा मधूनमधून डबीतली राख चिमटीने हवेत सोडून वारा बघत होती. वारा तोंडावर येत होता. हारा नावाची रानझुडपं चिकट, त्यांच्या पानांचा डिंक कपड्यांना लागत होता. खाली, डावीकडे, समोरच्या उतारावर, सगळीकडून नर डुरकत होते. डॉक्टर दर शंभर पावलांवर थांबत. ती न बोलता त्यांच्यासाठी थांबायची.

कानतुटका सापडला तो बुचाच्या झाडांमधल्या एका मोकळ्या पट्ट्यात. अकरा माद्या चरत होत्या आणि तो त्यांच्याभोवती मान ताणून फिरत होता. अंतर एकशे साठ पावलं असेल. कासिल्दाने तिकाटणं रोवलं, डॉक्टरांनी त्यावर रायफल टेकवली.

"दिसला?" ती कुजबुजली.

"दिसला."

"आडवा होऊ दे. घाई नको. खांदा पूर्ण दिसू दे."

तिने दुर्बीण डोळ्यांना लावली नाही. ती रायफलच्या नळीकडे बघत होती. नळीचं टोक थांबत नव्हतं. डॉक्टरांनी श्वास रोखला, सोडला, पुन्हा रोखला. 'राहू द्या, डॉक्टर. संध्याकाळी बघू.' एवढंच म्हणायचं होतं. शब्द ओठांवर आले होते. तेवढ्यात नर आडवा झाला आणि गोळी सुटली.

आवाज तिला लगेच कळला. हाडावर बसली की 'टक्' येतो. हा ओल्या पोत्यावर दांडका पडल्यासारखा होता. नराने पाठीची कमान केली, मागचे पाय पोटाखाली ओढले आणि माद्यांमागून उताराला लागला.

"दुसरी भरा! डॉक्टर, दुसरी!"

डॉक्टरांची बोटं खटक्यावरून निसटली. पुन्हा धरेपर्यंत समोर नुसती धूळ होती.

"लागली ना?"

"लागली."

"कुठे?"

"मागे. पोटात."

डॉक्टर खाली बसले. त्यांना वेगळं समजावून सांगायची गरज नव्हती. पोटात लागलेलं जनावर तासन्‌तास जगतं. लगेच मागे धावलं तर ते आणखी लांब जातं, म्हणून वाट बघावी लागते. कासिल्दाने घड्याळ लावून पाऊण तास काढला.

मग माग काढला. रक्त काळपट होतं आणि त्यात चघळलेल्या गवताचे हिरवे कण होते. थेंब उताराने ओढ्यापर्यंत गेले, ओढा ओलांडून तारेच्या कुंपणापाशी आले. रानडुकरांनी तिथे कुंपण लोळवलं होतं. वरच्या तारेला लाल केसांचा पुंजका अडकला होता.

पलीकडे शेजारच्या मालकाच्या जंगलाची, वाल्दोरोची हद्द. आणि तिथे, उघड्या माळावर, दीडशे पावलांवर, कानतुटका बसला होता. डोकं वर, तोंड उघडं, कुशी धापा टाकत हलत होती.

"इथून मारता येईल," डॉक्टर म्हणाले. "तू मार. माझ्याच्याने होणार नाही, तू मार."

कासिल्दाने रायफल घेतली. टेकायला खांब होता, वारा नव्हता. तिला ते डोळे मिटून जमलं असतं. त्याच खांबाच्या पलीकडच्या बाजूला वाल्दोरोवाल्यांनी लावलेला कॅमेरा होता, त्याचा बारीक लाल दिवा लुकलुकत होता.

दोन वर्षं दोन्ही मालकांची हद्दीवरून कोर्टात भांडणं चालली होती. मागच्या वर्षी केहिगालेसचाच एक राखणदार कुंपणापलीकडे डुकरावर गोळी झाडून बसला. त्याचा बिल्ला गेला, परवाना गेला, आणि महिन्याच्या आत बायकापोरांसह घर सोडावं लागलं. घर नोकरीबरोबरचं. कासिल्दाच्या घरात चौऱ्याऐंशी वर्षांचा बाप होता.

तिने रायफल रिकामी करून खांबाला टेकवली आणि एलादियोला फोन लावला.

एलादियो तिचा मावसभाऊ, वाल्दोरोचा राखणदार. वीस मिनिटांत तो मोटरसायकलवरून आला आणि जनावर बघून त्याने टोपी मागे सरकवली.

"अगं, हा तर कानतुटका!"

"एलादियो, तुझी बंदूक आण. एक गोळी घाल, बाकी शिंगं-बिंगं काय ते तुमचं."

"कुठली बंदूक? खटला लागल्यापासून आमच्या सगळ्यांच्या बंदुका मालकांच्या माद्रिदच्या कचेरीने काढून घेतल्यात. माझ्याकडे शिट्टी आहे. वाजवू?"

"थट्टा करू नकोस."

"थट्टा कसली, कासी? खरंच शिट्टीच दिलीय."

त्याने कचेरीला फोन लावला. शनिवार होता. कुणी बाई नम्र आवाजात सोमवारी नऊ वाजता फोन करा म्हणाली, ती टेपवरची होती. मग त्याने मॅनेजरला लावला. मॅनेजर कोर्दोबाला पुतणीच्या लग्नात होता. मागे बँड वाजत होता. एलादियो ओरडून ओरडून सांगत होता, "हरीण, साहेब! जखमी! नाही, आमचं नाही! म्हणजे आता आमच्यात आहे!" शेवटी मॅनेजर म्हणाला, वकिलाला विचारून कळवतो, तोवर कुणी आत यायचं नाही.

कासिल्दाने आपल्या मालकाला लावला. "कुंपणाला हातसुद्धा लावू नकोस," मालक म्हणाले. "त्यांना हेच हवंय. लेखी आल्याशिवाय नाही." जरा थांबून त्यांनी विचारलं, "टोकं किती?"

"सोळा."

"अरेरे," मालक म्हणाले.

दहा वाजले. ऊन चढलं. नर दोनदा उठायला गेला. पुढचे पाय रोवले, मागचे आले नाहीत. तिसऱ्या खेपेला त्याने प्रयत्नच केला नाही. वरच्या रानातून दुसरा कोणी नर डुरकला. तरुण असावा, त्याच्याच माद्यांमागे लागलेला. कानतुटक्याने मान लांब केली, तोंड उघडलं. आतून आली ती म्हाताऱ्याच्या खोकल्यासारखी कोरडी घरघर. पुन्हा एकदा प्रयत्न केला आणि मान खाली आली.

डॉक्टर कुंपणाशी आले. "ऐक, पोरा," ते एलादियोला म्हणाले, "सगळा दोष माझा. मी लिहून देतो. मी आत गेलो, तुम्ही कुणी नव्हता. काय दंड होईल तो मला होईल."

"डॉक्टरसाहेब, तुम्ही परवा घरी जाल. कॅमेऱ्यात मी उभा दिसतोय. माझी बायको वाल्दोरोच्या स्वयंपाकघरात आहे, दोन पोरी तिथल्या खोलीत झोपतात." त्याचा चेहरा लाल झाला होता. "मला काय बघवतंय होय?"

पहिलं गिधाड साडेदहाला दिसलं. मग पाच, मग मोजवेनात इतकी. खाली उतरली नाहीत, घिरट्या घालत राहिली.

ओकच्या सावलीत डॉक्टर कासिल्दाच्या शेजारी बसले होते. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "तुला दिसला होता ना माझा हात?"

"दिसला."

"कधी?"

"कॉफीच्या वेळी."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बाबांचे डोळे..."

"त्याचा इथे काय संबंध, पोरी?" ते रागावून म्हणाले नाहीत. खरंच विचारत होते. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "दोन वर्षं झाली. हाताला कंप आल्यावर ऑपरेशनं मी त्याच दिवशी सोडली. हे काही सोडवलं नाही."

अकराच्या सुमाराला कासिल्दा उठली, कमरेचा सुरा काढला आणि लोळलेल्या तारेवरून पाय टाकून पलीकडे गेली. एलादियो धावत आडवा आला.

"कासी, मागे हो."

"बाजूला हो."

"मागे हो म्हणतो! तू चार पावलं आलीस आणि मी अडवलं नाही, हे दिसलं की संपलो मी. पाया पडू का तुझ्या?"

लहानपणी एका ताटात जेवलेला भाऊ तिच्यासमोर हात पसरून उभा होता. तिने सुरा उलटा धरून त्याच्या हातात दिला. "मग तू कर. तुझ्या हद्दीत आहे."

एलादियो सुऱ्याकडे बघत राहिला. मग वळला आणि हळूहळू माळावरून चालू लागला. वीस पावलं उरली तेव्हा नर पुढच्या पायांवर उभा राहिला. शिंगं खाली घातली आणि मागचं अंग फरफटवत दरीच्या कडेकडे सरकू लागला. एलादियो थांबला. नर थांबला. एलादियोने एक पाऊल टाकलं, नर आणखी हातभर सरकला.

"दरीत गेला तर हाती लागायचाच नाही!" कासिल्दा ओरडली. "ये मागे!"

तो आला. सुरा परत देताना म्हणाला, "नाही जमत गं."

त्यानंतर करण्यासारखं काही उरलं नाही. कासिल्दा डॉक्टरांना म्हणाली, तुम्ही घरी चला, जेवा, उन्हात बसू नका. ते हलले नाहीत. म्हणाले, "निदान बघतो तरी." पाण्याची बाटली तिघांनी मिळून संपवली. एलादियो दर दहा मिनिटांनी मॅनेजरला फोन लावत होता. वाजून वाजून बंद व्हायचा.

दीडनंतर कधीतरी नराने डोकं जमिनीवर टेकवलं. आधी हनुवटी, मग शिंगांच्या वजनाने मान एका कुशीवर कलली. बराच वेळ तिघंही बघत राहिली.

दोनला दहा कमी असताना फोन आला. वकील म्हणतो हरकत नाही. एका माणसाने यायचं, एकच गोळी, आधी आणि नंतर फोटो काढायचा.

"गरज नाही आता, साहेब," एलादियो म्हणाला. पलीकडून मॅनेजर काहीतरी विचारत होता. "नाही. आपोआप."

त्याने जाऊन काठीने नराच्या डोळ्याला स्पर्श केला आणि हात हलवून कासिल्दाला खूण केली. डॉक्टरांनी टोपी काढली. शिंगं कुणाची हे वकील ठरवणार होता. "मला नकोत," डॉक्टर म्हणाले. त्यांची रायफल कासिल्दाने खांद्याला अडकवली. चढावर ते चार वेळा थांबले.

निकासियो अंगणात खुर्ची टाकून वाट बघत बसला होता. सकाळी त्याने गोळीचे आवाज मोजले होते, एकच.

"पडला का?"

"पडला, निकासियो," डॉक्टर म्हणाले.

"एकाच गोळीत?"

डॉक्टरांनी कासिल्दाकडे पाहिलं नाही. "एकाच गोळीत."

"मग इतका वेळ कुठे होतात? जेवायला केलेले मिगास गार झाले!" म्हातारा खूश होऊन हसला आणि मुलीला म्हणाला, "गरम कर गं, उभी काय राहिलीस!"

डॉक्टर संध्याकाळच्या आत निघून गेले. रायफल सोबत नेली. पुढच्या वर्षीच्या तारखेबद्दल कुणीच काही बोललं नाही.

नंतरच्या आठवड्यात दोन्ही कचेऱ्यांकडून हुकूम आला. त्या जागी कुंपण अर्ध्या मीटरने उंचवायचं, दोन्हीकडचा एकेक माणूस लावायचा. कासिल्दा इकडून तार धरायची, एलादियो तिकडून खिळे ठोकायचा. माळावर गिधाडांनी साफ केलेला सांगाडा ऊन खात पडला होता. दोघांनीही त्या बाजूला पाठ केली होती.

"ताण जरा," एलादियो म्हणाला.

तिने दोन्ही हातांनी तार ओढून धरली.