दार उघडेपर्यंत

बाबांच्या शेवटच्या संध्याकाळी आम्ही दोघं स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसलो होतो. म्हणजे सोलत ते होते. माझ्या हातून निम्मा बटाटा सालीबरोबर जातो असं त्यांचं मत होतं आणि ते मत एक भुवई वर करून सांगायची त्यांची पद्धत होती. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. बोलणं बेताचं. मीठ घातलं का, पंखा बंद करू का, एवढ्यावर आमचा आठवडा निघायचा.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि माझे अबोल बाबा बोलू लागले. कुठल्याशा इमारतीत कुणीतरी लिफ्टमध्ये अडकलं होतं. "नाही हो, लिफ्ट अशी पडत नसते, माझी तर नाहीच नाही. तुम्ही आधी खाली बसा बघू. ऐटीत, मांडी घालून. बसलात? आता सांगा, आज जेवायला काय होतं?" फोन खांद्याशी दाबून धरत त्यांनी सदरा चढवला आणि लिफ्टची वाट न पाहता ते जिना उतरले. खालच्या वळणापर्यंत त्यांचा आवाज येत होता. मध्येच हसत होता.

ते परत आल्यावर मी विचारलं, कोण होतं? "होतं कुणीतरी," म्हणाले, आणि राहिलेले बटाटे पुढ्यात ओढले.

सकाळी ते उठले नाहीत. झोपेतच गेले, त्रास झाला नाही, असं डॉक्टर म्हणाले.

लिफ्टची देखभाल आणि दुरुस्ती हे बाबांचं काम. प्रत्येक लिफ्टमध्ये कंपनीचा नंबर छापलेला असे, पण तो उचलायला पलीकडे कुणी असेल याचा भरवसा नसे. म्हणून आपल्याकडच्या सगळ्या लिफ्टमध्ये, बटणांच्या वर, त्यांनी जाड काळ्या शाईने स्वतःचा नंबर लिहून ठेवला होता. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या काकांना ते 'जोडीदार' म्हणायचे, म्हणून मीही जोडीदारकाकाच म्हणत आले. हे काका आता इमारतींमागून इमारती फिरून तो नंबर खोडत होते आणि शेजारी आपला लिहीत होते. तोवर बाबांचा फोन माझ्याकडे दे, असं ते म्हणाले. मी दिला नाही. त्यांनी कारण विचारलं नाही, फक्त चार्ज करत जा, एवढं सांगितलं.

फोन आला की मी इमारत विचारून घ्यायचे, काकांना कळवायचे, अडकलेल्या माणसाला 'येतायत' म्हणून सांगायचे आणि ठेवून द्यायचे. एकदोनदा तसं झालंही. काही बिघडलं नाही.

त्या दुपारी मी एका प्रकाशकाची मुद्रितं तपासत होते. तेच माझं काम. फोन वाजला. एका बाईचा आवाज आला, धाप लागल्यासारखा. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली होती. सगळे कामावर गेलेले, राखणदार जेवायला गेलेला, हाका मारून घसा बसला, असं तिने एका दमात सांगितलं. मी इमारत विचारली, माझ्या फोनवरून काकांना कळवलं. ते स्कूटरवर निघालेच. मी तिला म्हणाले, "दहा मिनिटांत पोचतील." आणि फोन ठेवणार, तेवढ्यात ती म्हणाली, "ठेवू नका ना ताई. वर नाना एकटे आहेत."

नाना म्हणजे तिचे सासरे. त्यांना हल्ली काही आठवत नसे. दार उघडं दिसलं की ते बाहेर पडत आणि मग दिवसभर शोधाशोध होई. ही फक्त कचऱ्याची बादली खाली रिकामी करून येणार होती, म्हणून दार नुसतं लोटून आली होती. "ऐका," ती म्हणाली, आणि तिने फोन वर धरला असावा. लांबून, विहिरीतून यावा तसा, एक म्हातारा आवाज आला. "सूनबाई, माझा चष्मा कुठाय?"

"कपाळावर आहे," ती मला म्हणाली. "सकाळपासून हेच चाललंय. एरवी वैताग येतो. आता ओरडतायत तोवर घरात आहेत."

मी म्हणाले, बरं. बाबांसारखं 'जेवायला काय होतं' असं विचारावं असं मनात आलं, पण ते माझ्या तोंडी शोभलं नसतं. मग आम्ही दोघी मधूनमधून नानांचा चष्मा ऐकत राहिलो.

"दहा मिनिटं झाली," ती म्हणाली.

मी घड्याळ पाहिलं. झाली होती.

"तुम्ही दहा म्हणाला होतात."

मी पुन्हा काकांना फोन लावला. पुलावर ट्रक बंद पडला होता, सगळं तुंबलं होतं. मी तिला तसं सांगितलं. लोखंडी जाळी सरकल्याचा आवाज आला, मग काहीतरी पत्र्यासारखं घासत गेलं.

"काय करताय?"

"बादली पालथी घातलीय. वरच्या मजल्याचं दार माझ्या छातीपासून सुरू होतंय. त्याचा खटका आतून दाबला तर उघडतोय. बघा, उघडला. एवढ्या फटीतून मी जाईन ताई. मी काही जाडी नाही."

काकांचा फोन दुसऱ्या कानाशी चालूच होता. त्यांनी ऐकलं असावं. त्यांचा आवाज एकदम बदलला. "तिला खाली बसव. आत्ताच्या आत्ता. ती अर्धी आत, अर्धी बाहेर असताना लिफ्ट जरा जरी सरकली, तर..." मग म्हणाले, "तू तिला वेळ सांगितलीस का?"

मी हो म्हणाले.

"अगं, वेळ कधी सांगायची नसते. ती टळली की माणूस चढायला लागतो. तुझे बाबा जन्मात कुणाला वेळ सांगायचे नाहीत."

"मग काय सांगायचे?"

"ते मला काय ठाऊक? मी वर मशीनरूममध्ये, ते दाराशी. बोलत असायचे, एवढं खरं. तूही बोल. मी निघतोय पुलावरून, कडेकडेने."

मी आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं दुरुस्त करत आले आहे. माझं स्वतःचं एक वाक्य त्या क्षणी हाताशी नव्हतं. लिफ्ट सरकली तर काय होईल ते मी तिला सांगितलं. घाबरवायचं नव्हतं, पण सांगितलं. ती म्हणाली, "मग पटकन चढते, सरकायच्या आत." तिचंही चूक नव्हतं.

"बसा ना जरा," मी म्हणाले. "खाली. मांडी घालून."

ती वेगळ्याच आवाजात म्हणाली, "ज्यांचा हा नंबर, ते काका पण हेच म्हणाले होते. मागे मी अडकले होते तेव्हा. काका कुठायत आज? ते असते तर बरं झालं असतं."

"ते माझे वडील," मी म्हणाले. "गेले ते. या महिन्यातच."

"अगं बाई," ती म्हणाली. मग विचारलं, "म्हणजे तुम्ही ती पुस्तकवाली मुलगी?"

मला कळेना. मग तिनेच सांगितलं. मागच्या वेळी बाबा बंद दाराबाहेर बसून तिला एक गोष्ट सांगत होते. माझ्या मुलीच्या पुस्तकातली आहे, म्हणाले होते. ती झोपली की वाचतो. तिला सांगायला गेलो तर चुका काढेल. "हसत म्हणाले हो," ती घाईने म्हणाली.

बाबांच्या हातात मी वर्तमानपत्राखेरीज काही पाहिलं नव्हतं.

"कुठली गोष्ट?"

"ते न्यायाधीश असतात बघा. म्हातारे. ज्याला शिक्षा दिली त्याच्याच घरी ते भाड्याने राहायला जातात, ओळख न सांगता. त्या माणसाची बायको आपली साधी, त्यांना वेळेवर जेवायला घालते. आणि मग तो माणूस सुटून यायचा दिवस येतो. दारावर थाप पडते. तिथपर्यंत आले काका, आणि माझं दार उघडलं. शेवट राहिला."

मी तपासलेली ती कादंबरी मागच्या वर्षी दिवाणखान्यातल्या टेबलावर कितीतरी दिवस पडून होती.

"शेवट सांगते," मी म्हणाले. "पण बसा. उभ्या माणसाला मी गोष्ट सांगत नाही."

"काकांची पोर शोभता," ती म्हणाली. बादली सरकल्याचा आवाज आला. "बसले. सांगा."

मी सांगायला लागले. जेवढी आठवत होती तेवढी ताणली. थाप पडण्याआधी न्यायाधीशांनी कुठला कोट घातला, बायकोने टेबलावर ताटं किती मांडली, यातलं बरंचसं पुस्तकात नव्हतं. नाना वरून चष्मा विचारत होते. ती मध्येच "हं" म्हणत होती. पण शेवट अखेर शेवटच. न्यायाधीश स्वतः दार उघडतात, आणि तो माणूस त्यांना ओळखतच नाही. त्यांना घरचा गडी समजून आपली पिशवी त्यांच्या हातात देतो.

"आणि?"

"आणि ते पिशवी घेतात. संपलं."

"एवढंच? आणि याच्यासाठी मला खाली बसवलंत?" ती हसली. मग हसणं थांबलं. "ताई. नाना गप्प झाले."

मीही कान दिला. वरून काही येत नव्हतं.

"नाना," तिने हाक मारली. पुन्हा मारली. हाक त्या पोकळीत वर जाऊन तशीच खाली आली. "गेले. बाहेर पडले ते. खाली रस्ता आहे हो, गाड्या..." पत्रा पुन्हा घासला. ती बादलीवर चढली होती. तिचा श्वास फोनच्या अगदी जवळ होता. "एक पाय वर गेलाय. मी जातेच आता."

"थांबा."

"तुम्हाला काय जातंय थांबा म्हणायला? तुमच्या घरी कुणी हरवलंय का?"

हे ती बोलून गेली, आणि मग तिच्याच लक्षात आलं.

"ताई, चुकलं माझं."

"चुकलं नाही," मी म्हणाले. "पाय खाली घ्या. तुम्हाला काही झालं तर नानांना चष्मा कुठाय ते कोण सांगणार? मला तुम्हाला अजून एक सांगायचंय. पुस्तकातलं नाही. मी हे कुणाला सांगितलेलं नाही. तेवढं ऐका, मग चढायचं तर चढा."

ती चढली नाही. तेवढ्यात माझा दुसरा फोन थरथरला. काका पोचले होते. जिना चढताना त्यांना धाप लागत होती. "जिन्यात एक आजोबा भेटलेत," ते म्हणाले. "चष्मा कपाळावर आणि चष्मा शोधतायत. हलू नयेत म्हणून त्यांना पायरीवर बसवलंय आणि माझा डबा सांभाळायला दिलाय. चोर येतात म्हटलं, घट्ट धरा. धरून बसलेत. हिचेच का?"

मी तिला सांगितलं. ती रडायला लागली, आधी हळू, मग मोकळेपणी. काका गच्चीवरच्या मशीनरूमपाशी पोचले असावेत, दार ढकलल्याचा आवाज आला. त्यांनी मला सावकाश, शब्द सुटे करून सांगितलं. ते आता वीज बंद करून ब्रेक सैल करणार, हाताने चाक फिरवून लिफ्ट मजल्याला लावणार. तिथून त्यांना ती दिसणार नाही. ती पूर्ण आत आहे हे मी म्हणेन तेव्हाच ते हात लावणार.

"तू म्हण. मग मी चाकाला हात लावतो."

मी तिला विचारलं, आत आहात? ती हुंदके देत होती. नीट सांगा, मी म्हणाले. पाय, हात, ओढणी, सगळं आत? जाळी लावलीत? ती हो म्हणाली. मला ते हो पुरलं नाही. मी तिला जाळी सरकवून दाखवायला सांगितली, म्हणजे ऐकवायला. ती खडखडत मिटली. बादलीवर नका बसू, जमिनीवर बसा. बसले. पाठ भिंतीला टेका. टेकली.

"काका, आत आहे ती," मी म्हणाले, आणि माझा आवाज मला ओळखू आला नाही.

वर काहीतरी करकरलं. तिच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला. "हलतेय हो. अंधार झालाय. हलतेय."

"हलू दे. काका हाताने आणतायत. सावकाश येईल."

"गप्प नका बसू, ताई. काहीही बोला. तुम्ही काहीतरी सांगणार होतात."

समोर मुद्रितं पसरलेली होती. त्यांच्यावर लाल पेन उघडंच पडलं होतं. मी ते बंद केलं.

"बाबा घरी बोलायचे नाहीत," मी म्हणाले. "तुमच्याशी बोलायचे. लिफ्टमध्ये अडकेल त्याच्याशी बोलायचे. त्यांचा फोन वाजला की मी माझं काम टाकून जिन्याशी जाऊन उभी राहायचे, आवाज पार जाईपर्यंत. अजूनही, म्हणजे परवापरवापर्यंत. लहान होते तेव्हा आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये उगाच वरखाली करायचे मी. वीज जावी म्हणून. अडकावं म्हणून. एकदाही अडकले नाही, त्यांची लिफ्ट होती ना ती. बसला आहात ना?"

"बसलेय. येतेय जवळ. उजेडाची रेघ दिसतेय. बोला."

"मी नुसतं 'बोला' म्हटलं असतं तरी बोलले असते ते. इतकं सोपं होतं. बाबा," मी म्हणाले, आणि थांबले नाही, कारण ती पलीकडे ऐकत होती, "बाबा, मी काही अडकलेली नाही, घरातच आहे. पण इथे बसा ना माझ्याजवळ, आणि मला पण विचारा, आज जेवायला काय होतं."