तीन धक्के

राग्नहिल्डच्या पत्राला एलिफने वर्षभर उत्तर दिलं नव्हतं. ‘माझा भाऊ खरंच पडून मेला का रे? तू तरी सांग,’ एवढंच तिनं विचारलं होतं.

बर्गनच्या रेकॉर्डिंग स्टुडिओत तिचा भाऊ टोरगेर आणि त्याचा साथीदार योस्टाइन भांडले आणि टोरगेरचं डोकं कंट्रोलच्या टेबलावर फुटलं. ‘पाय घसरला त्याचा,’ योस्टाइन एलिफला म्हणाला होता. ‘आवाज रेकॉर्डच झालेला नाही. विचार तुझ्या त्या प्रोग्रामला, म्हाताऱ्या.’

एलिफचा प्रोग्राम आवाज साठवत नसे. टेबलावरच्या, आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकपट्ट्या कधी, किती हलल्या तेवढं टिपून ठेवी आणि त्यावरून आवाज नव्याने घडवी. आज त्यानं स्टुडिओत बसून त्या दिवसाची नोंद अखेर चालवली. सगळ्या पट्ट्या एकदम उसळल्या आणि स्पीकर किंचाळले. मग पुन्हा. मग आणखी एकदा, अधिक जोरात.

पडणारा माणूस एकदाच आपटतो. पण एकाच आघाताने पट्ट्या तीनदा उसळत असतील तर? एलिफने डोळे मिटले आणि कपाळ त्याच टेबलावर आदळलं. रक्त नाकावर ओघळलं. नोंदीत धक्का एकच उमटला.

कपाळावर रुमाल दाबून त्यानं लिहिलं, ‘नाही, राग्नहिल्ड. त्याला तीनदा आपटलं.’ आणि तसाच बाहेर जाऊन त्यानं पत्र पेटीत टाकलं.