लेसर पहूरला जातो

मित्रांनो, मी एक जुना लेसर आहे. जळगावच्या एका कॉलेजात, प्रयोगशाळेतल्या कपाटात राहतो. हेलियम आणि निऑन वायू भरलेली हातभर नळी म्हणजे मी. बटण दाबलं की लाल किरण सरळ भिंतीवर. मला एवढंच येतं, पण ते मी मोठ्या ऐटीत करतो.

माझी देखभाल मंजुळा मॅडमकडे. १९९९ साली त्यांनी एक नवा शोध वाचला. अतिशय थंड केलेल्या अणूंच्या लांबट ढगावर लेसर सोडला, तर अणू प्रकाश वाटेल तिकडे उधळत नाहीत. सगळे मिळून ढगाच्या दोन टोकांकडे जोरात फेकतात. मॅडम आठवडाभर हरखून गेल्या होत्या.

त्यांचे वडील तोताराम आबा पहूरला शेती करत. भाऊबंदांचा विरोध पत्करून त्यांनी मुलीला शिकवलं, पण ती काय करते हे कोणी विचारलं की मान खाली घालून म्हणत, "दिव्याचं काहीतरी करते." लोक हसत. मॅडमना ते फार लागे. आबा ऐंशीचे झाले होते. एकदा तरी त्यांना कळावं, एवढाच मॅडमचा हट्ट होता.

म्हणून त्या हिवाळ्यात त्यांनी मला गोधडीत गुंडाळून एसटीनं पहूरला नेलं. आबांच्या केळीच्या बागेत गावाला बोलावून भरिताचा बेत होता. तिथल्या खोलीत मॅडमनी उदबत्तीच्या धुरातून माझा किरण सोडला. धूर लाल झाला.

"इथं प्रत्येक कण आपापला चमकतो, आबा. थंड अणू मात्र सारे मिळून."

आबा उठले आणि रस्त्यावरच्या सोडावाल्याकडून बर्फाचा खडा आणून त्यांनी माझ्यापुढे ठेवला. "घे, थंड कर. आता दाखव."

"बरफानं नही होत, आबा." मॅडमनी हिरमुसून माझं बटण बंद केलं. मलाही फार वाईट वाटलं.

दुपारी पंगत बसली. केळीच्या दोन ओळींमधून एकच लांब रांग, शंभर माणसं. वाढप होईपर्यंत नुसता गलबला होता. मग सारे पानावर स्थिर झाले. रांगेच्या मधोमध कोणीतरी 'हर हर महादेव' म्हटलं, शेजाऱ्यांनी उचललं, आणि हाक वाढत वाढत दोन्ही टोकांना पोचली. आबा एका टोकालाच बसले होते. त्यांचा घास हातात तसाच राहिला.

"मंजुळा, तुहे अणू असेच बसता का? चुळबूळ थांबली म्हणजे एकाचं दुसऱ्याले लागतं, अन् जोर टोकाकडे निंघतो?"

"असंच, आबा. अगदी असंच."

आबा उभे राहिले. मान वर करून साऱ्या पंगतीला सांगू लागले, "मही पोर काय करते, आइका." भरीत निवलं तरी ते थांबेनात, आणि कोणी हसलं नाही.

आता खिशात मावणारे लेसर आले आहेत. मी कपाटातच असतो. मित्रांनो, माझ्यावरची धूळ जमलं तर पुसा. पण घरातलं कोणी आपलं काम समजावू पाहत असेल, तर त्याला पुन्हा विचारायला लाजू नका. त्या दिवशी पंगतीनंतरही आबांनी तीनदा विचारलं, आणि तिसऱ्यांदा सांगताना मॅडम दहा वर्षांच्या मुलीसारख्या हसत होत्या.