चौथं नाव

रंगूबाईच्या तोंडाला कुलूप असं कधी लागलंच नाही. उमरठच्या वरच्या अंगाला तिची वाडी. तिथे सकाळी आधी तिचा आवाज ऐकू यायचा आणि कोंबडा मागाहून आरवायचा. नवरा देवाघरी, लेक-सुना मुंबईला. घरात बोलायला माणूस नाही, तर बाई बोलणार कुणाशी? ओढ्यापलीकडच्या कोळशाच्या भट्ट्यांवर राहणाऱ्या कातकऱ्यांच्या पोरांशी.

चौदा पोरं होती. दिवाळीनंतर आईबापांबरोबर यायची आणि पावसाच्या आधी मुकादम नेईल तिकडे जायची. एकाकडेही जन्माचा दाखला नाही, आधार नाही, आईबापांकडे रेशनकार्ड नाही. कुठल्या तरी भट्टीवर जन्मायचं आणि जो वार असेल त्याचं नाव घेऊन मोकळं व्हायचं. मंगळवारचा मंगळ्या, बुधवारची बुधी, सोमवारची सोमी. सरकारच्या लेखी ती या देशात नव्हतीच, आणि दुसऱ्या कुठल्या देशात होती म्हणावं तर तेही नाही.

लाकडाला गेलेल्या रंगूबाईने त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती पोत्यांत कोळसा भरत होती. डोळे तेवढे पांढरे, बाकी सगळं काळं. "अगो बाय, ही मान्सांची पोरं का भुतांची?" ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून दुपारची, त्यांच्या आया भाकरीला बसल्या की, पोरांना जांभळीखाली गोळा करायला लागली. नातवाची, ओमची, अर्धी कोरी वही तिने आणली. पुढच्या पानांवर ओमचे भागाकार, मागच्या पानांवर या पोरांची हजेरी. बाई स्वतः चौथी शिकलेली. बाराखडी आणि दहापर्यंतचे पाढे एवढीच तिची पुंजी, ती पहिल्या महिन्यातच संपत आली. उरलेला वेळ लगोरी. ओढ्यातले सात चपटे दगड आणि चिंध्यांचा चेंडू.

नियम मात्र कडक. नाव घेतलं की उभं राहायचं, हात आभाळाला लावायचा आणि ओढ्यापार ऐकू जाईल असं 'हजर' म्हणायचं. जो बोलला नाही त्याला लगोरी नाही. कुणी हाक मारली की खाली मान घालणारी ही पोरं. पण महिन्याभरात अशी ओरडायला लागली की पाखरं उडावीत. मंगळ्या दोन होते. एकाला थोरला नि एकाला धाकटा म्हणून पाहिलं, पण धाकटा व्हायला कुणीच तयार होईना. मग बाईने नाद सोडला. 'मंगळ्या' म्हटलं की दोघे उठायचे.

कुणी वहीला काळे हात लावले, लगोरीत लबाडी केली की बाईचं एकच बोलणं, "हात मोडीन हां तुजा!" सात वर्षांची सोमी त्यात सगळ्यांवर वरताण. ती लगेच हात पुढे करून म्हणायची, "मोड!" मग रंगूबाई त्या हातावर गुळाचा खडा ठेवायची आणि वर दोन शिव्या द्यायची. शिव्या तर ती देवालाही द्यायची.

माघात पोलादपूरला दाखल्यांचं शिबिर लागणार अशी बातमी आली. बाई चौकशीला गेली. तिथला कारकून भला माणूस निघाला. म्हणाला, "मावशी, पोरांची नावं तारीखवार लिहिलेलं काहीही आणा. हजेरीची वही असली तरी मी पुढे पाठवतो. पण कागद पाहिजे. कागदाशिवाय मला पेन उचलता येत नाही." रंगूबाईने येताना वहीला घालायला खाकी कव्हर आणलं. तीन महिन्यांची हजेरी होती त्यात, एक दिवस न चुकवता.

ही गोष्ट मुकादमाच्या कानावर गेली. मुकादम म्हणजे अनिल, तिच्याच दिराचा पोरगा. आई लवकर गेली म्हणून काकीच्या हातची भाकरी खाऊन वाढलेला. पोरं भट्टीवर राहतात आणि पोती भरतात असं कागदावर आलं की आपल्या हातात बेड्या पडतील, हे त्याला पक्कं माहीत होतं. आधी त्याने सोमीच्या बापाला, चांगूला, ऐनाच्या झाडाला बांधून पट्ट्याने फोडला, पोरांना जांभळीखाली सोडतो म्हणून. पाठीची सालं निघाली. रंगूबाईने विळ्याने दोर कापला आणि अनिलच्या सात पिढ्या काढल्या. त्या तिच्या सासरच्याच पिढ्या, पण तिने हात राखला नाही. अनिल हसत होता. तो हसला म्हणजे संपलं असं तिला वाटलं, तिथेच ती चुकली.

गुरुवारी तो दुपारीच आला. दारू नव्हती घेतलेली, हे मुद्दाम सांगायला हवं. हातात खैराचं दांडकं.

"काकी, वही दे."

"तुज्या बापाची हाय काय?"

त्याने तिला छातीवर हात देऊन ढकललं. बाई लगोरीच्या दगडांवर उताणी पडली, डोकं आपटलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले. तेवढ्यात वही त्याच्या हातात गेली. त्याने मागची पानं उलटली. "बगू तरी, कोन कोन साळंत जातंय," असं म्हणून त्याने पहिलं नाव वाचलं. "मंगळ्या!"

दोघे मंगळे ताडकन उभे राहिले. दोन हात आभाळाला लागले. "हजर!"

 अनिलने दांडकं फिरवलं, त्या वर केलेल्या हातांवर. वाळकं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. पहिला मंगळ्या किंचाळला.  दुसरा कोपरापासून भलतीकडे वळलेल्या आपल्या हाताकडे बघत उभा राहिला, मग ओकला.

"बुधी!"

"उठू नको गो! बोलू नको!" रंगूबाई ओरडली. पण तीन महिने तिनेच शिकवलेलं ते दोन शब्दांनी कसं पुसावं? सहा वर्षांची पोर उभी राहिली, चड्डीत मुतली, तरी हात वर केला. 'हजर' पुरतं म्हणून झालंही नाही. दांडकं मनगटावर बसलं आणि हाड बाहेर आलं.

दोन मंगळे आणि बुधी झाली, आता यादीतलं चौथं नाव वाचायला अनिलने वही डोळ्यांशी नेली आणि रंगूबाई त्याच्यावर झेपावली. बासष्ट वर्षांची बाई, पण तिने त्याच्या मनगटाला असे दात रोवले की रक्त तिच्या हनुवटीवरून गळायला लागलं. तो तिच्या तोंडावर बुक्क्या मारत होता. एक दात गेला, दुसरा गेला, तरी ती सोडीना. दांडकं पडलं. तिने हाताला लागेल तो लगोरीचा दगड उचलून त्याच्या कानशिलात घातला, मग पुन्हा घातला. लहान असताना याच कानात तिने तेल घातलं होतं. तिसऱ्यांदा घातला असता तर तो उठलाच नसता. पण तो सुटला, झोकांड्या खात भट्टीकडे पळाला आणि वही त्याने धुमसत्या भट्टीच्या तोंडात कोंबली. खाकी कव्हराला आधी धूर आला, मग जाळ. बाई हात घालायला धावली तेव्हा चांगूने तिला कमरेला धरून मागे ओढलं.

कोळसा न्यायला महाडहून आलेला अमजद टेंपोतून उतरत होता. त्याने नुसती पोरं पाहिली आणि आधीच्या भट्टीवर भरलेली पोती धडाधड खाली फेकली. "मावशी, बसा. आधी दवाखाना." घाटवळणावर प्रत्येक धक्क्याला तीन पोरं एकदम ओरडत होती, आणि रंगूबाई तुटक्या दातांनी अनिलला, भट्टीला आणि सगळ्यात जास्त स्वतःला शिव्या देत होती. "मीच शिकवला रे त्यांना हात वर करायला. माज्याच जिबंला आग लागो."

महाडच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईने प्लास्टर घातलं, बुधीच्या मनगटाला टाके घातले. मारहाणीची केस म्हणून प्रत्येकाचा कागद केला. नाव, बापाचं नाव, अंदाजे वय, राहणार कुठे, जखम कशाची. लिहून झाल्यावर तिने खात्रीसाठी वाचलं, "मंगळ्या?" दोन पोरांनी आपापला धड हात वर केला. "हजर!" डॉक्टरीणबाई हसली, मग बाईच्या तोंडाकडे बघून हसायची थांबली. अनिलला पोलिसांनी दुसऱ्या दिवशी उचलला.

सोमवारी शिबिर. रंगूबाई चौदाही पोरांना घेऊन अमजदच्या टेंपोतून पोलादपूरला गेली. वही नव्हती, पण गेली. तोंड सुजून भोपळा झालेलं. कारकुनाने सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "आता मी काय करू, मावशी? कागदच नाही." तेवढ्यात त्याची नजर तीन प्लास्टरांवर गेली. "यांचे दवाखान्यातले कागद आहेत का?"

पिशवीतून निघाले. त्याने उलटसुलट बघितले. नाव होतं, वय होतं, पत्ता होता, खाली सही आणि गोल शिक्का. "हे चालतील," तो म्हणाला, आणि पेन उचललं. मंगळ्या, मंगळ्या आणि बुधी, तिघं त्या दुपारी सरकारच्या रजिस्टरात चढली.

"बाकीच्यांचं काही?" त्याने हळूच विचारलं.

बाकीच्यांचं काही नव्हतं. अकरा पोरं धडधाकट होती.

  ओढ्याशी उतरल्यावर पोरं आपापल्या झोपड्यांकडे गेली. रंगूबाई ओढ्याकाठीच बसली, सोमी तेवढी मागे राहिली. जांभळीखाली जाऊन तिने लगोरीतला सगळ्यात जड दगड दोन्ही हातांनी उचलला, आणून रंगूबाईच्या ओटीत ठेवला आणि समोर बसली.

"चौथं नाव माजं व्हतं," ती म्हणाली. "तू त्याला वाचूच दिलं नाय."

रंगूबाईचा हात सवयीने कनवटीला, गुळाच्या खड्याकडे गेला. 

"तू रोज म्हन्तेस ना," सोमीने तिचा काळा, धड हात पुढे केला, दगडाशेजारी मांडीवर ठेवला आणि डोळे गच्च मिटले. "मोड."