फुटलेली दोन मतं

सारिका इंगळे सरपंचाच्या खुर्चीत पहिल्यांदा बसली, त्याच दिवशी तिचं पॅनल हरलं.

गाव संग्रामपूर तालुक्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याशी. ग्रामपंचायतीचे नऊ सदस्य. त्यांतले पाच दयाराम पाटलांच्या पॅनलचे, आणि स्वतः कारभारी म्हसाळ धरून चार त्यांच्या पॅनलचे. सारिका थेट लोकांतून निवडून आलेली, तीही दयारामच्याच पॅनलची. म्हणजे उपसरपंचाच्या निवडीत तिच्या बाजूची सहा मतं पक्की होती. मतदान गुप्त झालं. ग्रामसेवकानं चिठ्ठ्या उघडल्या तेव्हा पॅनलच्या मंजुळाबाईंना चार मतं पडली आणि कारभारींना सहा. बाहेर गुलाल उधळला गेला तो कारभारींच्या लोकांचा. सारिका खुर्चीत तशीच बसून राहिली. आपल्यातले दोघं फुटले, एवढंच तिला कळत होतं.

दुपारी दयारामच्या ओसरीवर सगळे जमले. दयाराम सत्तरीकडे झुकलेला, स्वतः कधी सदस्य न झालेला, पण तीस वर्षं गावाची माणसं बसवणारा-उठवणारा. या वेळी सरपंचपद राखीव निघालं तेव्हा बौद्ध वस्तीत जाऊन त्यानंच सारिकाला उभं केलं होतं. चौदा वर्षांची अंगणवाडीची नोकरी सोडून ती उभी राहिली होती.

"उद्या सकाळी पाचही जणं मारुतीच्या देवळात या," दयाराम म्हणाला. "पायरीवर हात ठेवून सांगा, मत कोणाले देल्लं. जो खोटं बोलल, त्याचं मारुती पाहीन."

"मी सगळ्यात आधी हात ठेवतो," दीपक म्हणाला. तो पाचांतलाच एक सदस्य, गावात त्याचं बी-बियाण्याचं दुकान होतं. "गद्दार सापडलाच पाह्यजे, काका. त्याच्या घरी पॅनलचा माणूस पाणी प्यायले बी नाई गेला पाह्यजे."

दुसरा सदस्य गुलाबराव भिंतीला टेकून खाली बघत बसला होता. मंजुळाबाई पदर तोंडाला लावून बसल्या होत्या.

"काका," सारिका म्हणाली, "शपथ नको."

"काऊन?"

"खोटी शपथ घेणारा घेऊन टाकीन, अन् खरं बोलणारा गावात राहू शकणार नाई. आपल्याले यायच्या संगं पाच वर्षं काम करायचं हाय."

दयारामनं तिच्याकडे पाहिलं. इतक्या माणसांत त्याचा शब्द असा कुणी अडवला नव्हता. "तुले सरपंच मी केलं, सारिका."

"हाव काका, तुम्हीच केलं. मले आठ दिवस द्या."

शपथेचं त्यानं पुन्हा काढलं नाही. तो उठून आत गेला.

सारिका एकेकाच्या घरी गेली. मताबद्दल कुणाला विचारायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. घरात काय चाललंय, वॉर्डात काय पाहिजे, एवढंच ती विचारत होती. चौथ्या दिवशी ती गुलाबरावाकडे पोचली. त्याची बायको विमलबाई खाटेवर पडली होती. चेहरा सुजलेला, डाव्या हातावर सुयांच्या जागा काळ्या पडलेल्या. या भागातलं पाणी खारं. विहिरीचं असो की हातपंपाचं, पिणाऱ्याची मूत्रपिंडं ते हळूहळू खाऊन टाकतं असं गावात सगळेच म्हणत, आणि दर दोन-तीन गल्ल्यांमागे एक तरी घर असं होतं. विमलबाईचं डायलिसिस सुरू झाल्याचं सारिकानं ऐकलं होतं. ते किती दिवसांपासून, हे मात्र तिनं कधी विचारलं नव्हतं.

"बाई, तुम्ही इचारलं नाई, म्हणून मीच सांगतो," गुलाबराव म्हणाला. "मत मी देल्लं. कारभारीले."

विमलबाईनं डोळे मिटून घेतले.

"आठ महिने झाले. आठवड्यातून दोनदा शेगावले न्यावं लागते. एसटीत तिले बसवत नाई. कारभारीची गाडी येते दारात. त्यानं कधी काही मागतलं नाई. मत बी नाई मागतलं. चिठ्ठीवर शिक्का मारतानी माहा हातच तिकडं गेला. आपल्या पॅनलमधून एक माणूस येऊन गेला नाई, बाई. मी बैठकीत यायचो, झेंडे लावायचो, पण घरी कसं हाय, हे कोणी इचारलं नाई."

"मी बी नाई इचारलं," सारिका म्हणाली.

"तुम्हाले मी दोष देत नाई. राजीनामा लिहून ठेवला हाय. घेऊन जा."

त्यानं उशीखालचा कागद काढून पुढे केला. तिनं तो हातात घेतला, पण वाचला नाही. त्याच्यासमोरच त्याचे दोन तुकडे केले.

"मत तुमचं होतं. तुम्ही मले आधी सांगतलं असतं तं बरं झालं असतं, एवढंच. आता पुढच्या खेपी जे पटणार नाई ते बैठकीत, तोंडावर सांगा. तेवढं कराल?"

"करीन."

निघताना विमलबाईनं तिचा हात धरला. हात खूप गरम होता.

दुसऱ्या दिवशी कारभारी ग्रामपंचायतीत आला. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. निवडणुकीत त्यानं सारिकाच्या विरोधात दुसरी उमेदवार उभी केली होती, पण सभेत सारिकाबद्दल वावगा शब्द काढला नव्हता.

"ताई, नळयोजनेचं पाणी धरणावरून येऊन राह्यलं, ते टाकीपाशी अडलं हाय," तो म्हणाला. "इंजिनिअर म्हणते टाकी वरच्या गायरानात पाह्यजे. पाटील म्हणतात देवळाजवळ, त्यायच्या गल्लीत. तशी तुमच्या पॅनलनं पत्रकं वाटली होती. तिथं बांधली तं शेवटच्या साठ घरायले पाणी चढत नाई. त्यात माह्याही वस्तीचे हायत, तुमच्याही."

"मी इंजिनिअरशी बोलते."

"बोला. मी धरून माहे चार सदस्य तुमच्या संगं राहतीन. त्याच्या बदल्यात मले काही नको." तो जायला उठला आणि दारात थांबला. "एक गोष्ट सांगतो, मंग तुम्ही काय करायचं ते करा. गुलाबरावनं मत आपल्या मनानं देल्लं, त्यानंच मले नंतर सांगतलं. दीपक माह्याकडं स्वतः आला होता. पाइपलाइनीच्या कामात त्याच्या मेहुण्याले घ्या म्हणे. मी हो म्हटलं नाई, तरी त्यानं मत देल्लं. आता पुन्हा येऊन राह्यला."

सारिकाला ओसरीवरचा दीपकचा चढलेला आवाज आठवला. तिला राग आला, आणि त्याहून जास्त थकवा आला. हे नाव नुसतं दयारामच्या कानावर घातलं असतं तर दीपक गावातून उठला असता. दयाराम खूश झाला असता. तिची खुर्चीही पक्की झाली असती.

ती संध्याकाळी दीपकच्या दुकानात गेली. गिऱ्हाईक जाईपर्यंत बाकावर बसून राहिली.

"मले मालूम हाय," ती म्हणाली.

दीपकनं काय म्हणून विचारलं नाही. तो बियाण्याच्या पाकिटांची थप्पी सरळ करत राहिला.

"मी कोणाले सांगणार नाई. तू सदस्य हायस, वॉर्डातल्या लोकायनं तुले निवडलं हाय. तुह्या वॉर्डाचं काम थांबणार नाई. पण पाणी समितीत तुले घेणार नाई. अन् तुह्या मेहुण्याले या गावात काम मिळणार नाई."

"अन् मी पुन्हा तिकडं गेलो तं?"

"जा. पण दिवसा जा, सांगून जा."

दीपकचे कान लाल झाले होते. ती पायऱ्या उतरली.

टाकीच्या ठरावाला सभागृह भरलं. सारिकानं इंजिनिअरचा अहवाल स्वतः वाचून दाखवला. देवळाजवळची जागा आपल्याच पत्रकात छापली होती हेही तिनं सांगितलं. "ते न तपासता छापलं. चूक माही बी हाय, पत्रकावर माहा फोटो होता," ती म्हणाली. मग हात वर झाले. कारभारीचे चार, सारिका, गुलाबराव. थोड्या वेळानं मंजुळाबाईंचाही हात वर गेला. दीपक आणि आणखी दोघे विरोधात बसले. सात विरुद्ध तीन.

मागच्या बाकावरून दयाराम उठला.

"आम्ही फुटलेले दोघं हुडकत होतो," तो शांतपणे म्हणाला. "फुटलेली तं खुर्चीवर बसून हाय."

तो निघून गेला. त्याच्यामागे वीस-पंचवीस माणसं गेली. त्यानंतर दयाराम तिच्याशी बोलेनासा झाला. बाजारात समोर आली तर रस्ता बदलू लागला. त्याचं बोलणं तिला टोचत राहिलं, कारण ते पूर्ण खोटं आहे असं तिला स्वतःलाच म्हणता येत नव्हतं. त्यानं हात दिला नसता तर ती या खुर्चीपर्यंत आलीच नसती.

पोळ्यानंतर आठ दिवसांनी विमलबाई गेली. टाकीचे खांब नुकतेच जमिनीवर आले होते.

दोन्ही पॅनलची माणसं आली. तिरडीला पुढून कारभारीनं खांदा दिला, मागून दीपकनं. दयारामही आला, पण स्मशानात एकटाच बाभळीखाली उभा राहिला. क्रियाकर्म चालू असताना सारिका त्याच्याजवळ गेली.

"गुलाबराव होता ना त्यायच्यातला एक?" दयारामनं तिच्याकडे न पाहता विचारलं.

"काका, ते आता काऊन?"

"मले त्याच दिवशी शंका आली होती. मी देवळात नेऊन त्याले सगळ्यायपुढं उघडं पाडणार होतो." तो चितेकडे बघत होता. "ही घरी खाटेवर पडून होती तेव्हा."

त्यानं काठी दुसऱ्या हातात घेतली. मग तो म्हणाला, "टाकीचं मी विसरलो नाई. पुढच्या निवडणुकीत तुह्या विरोधात पॅनल उभं करीन."

"करा. तोवर पाणी समितीत या."

त्यानं वळून पाहिलं. "मले घेतं? विरोधातल्या माणसाले?"

"कामावर बारीक नजर पाह्यजे. कारभारीभाऊ अन् मी आता एका बाजूनं हाओत. आमचं चुकलं तं आमच्यातला कोणी सांगणार नाई. तुम्ही सांगाल."

काठी टेकत दयाराम गुलाबरावाकडे गेला आणि त्याच्या शेजारी जमिनीवर बसला.

तेरवीनंतरच्या सोमवारी सारिका पाइपलाइनीच्या चरीचं काम बघायला गेली. वरच्या गल्लीतून मोठ्यानं बोलणं ऐकू येत होतं. दयाराम टेप घेऊन चरीच्या काठावर उभा होता आणि ठेकेदाराला विचारत होता, कागदावर तीन फूट असताना पाइप दोन फुटांवर काऊन टाकून राह्यले.