तळवेबाबा आणि नकाशातला लाल रंग

तळवेबाबांनी चपला काढल्या आणि सगळी गल्ली चिडीचूप झाली.

अर्धे डोळे मिटून बाबा अनवाणी चालू लागले. मागे माणसांची झुंबड, भिंतींवर पोरं, गच्च्यांवर बाया. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग तव्यावर पाय पडावा तसे बाबा उसळले.

"पेटले! तळवे पेटले! लेकरांनो, इथं खाली तेलाचा समुद्र आहे!"

चेल्याने लगोलग तिथे चुन्याची फुली मारली. ती पडली नेमकी आत्याच्या उंबऱ्यापुढे. म्हणजे तेलविहिरीसाठी आता आत्याचं घर आणि शेजारची सगळी घरं पाडायची. आणि बाबांच्या पाया सगळ्यात आधी कोण पडलं? आत्याच!

"आत्या, अगं घर जाईल तुझं!" गर्दीतून वाट काढत आत्याची भाची म्हणाली.

"जाऊ दे. देवमाणसाचा शब्द आहे. तू तुझे ठोके मारत बस."

या भाचीला सगळी वस्ती ठोकेबाई म्हणायची. तेल कंपनीत तिचं कामच ते होतं. थरथरणाऱ्या ट्रकने जमिनीला हादरे द्यायचे आणि खालच्या दगडावर आपटून परत येणारा आवाज जमिनीत रोवलेल्या यंत्रांनी ऐकायचा. त्यावरून जमिनीच्या पोटातल्या दगडाचं चित्र काढायचं. ते चित्र पुरं व्हायच्या आधीच कंपनीच्या साहेबांनी घाईने खोदलेल्या दोन विहिरी कोरड्या निघाल्या होत्या. तेव्हापासून साहेब बाबांच्या नादी लागले होते.

ती तडक साहेबांच्या खोलीत गेली.

"साहेब, खाली चुनखडीचा दगड आहे. टाचा घासायच्या दगडासारखा, पण एकसारखा नाही. एका जागी भोकंच भोकं, जरा पुढे ठार भरीव. तेल राहतं भोकांत. बाबांची फुली आहे भरीव दगडावर."

"काय सांगता बाई!" साहेबांनी भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवलं. "तुमच्याच चित्रात तिथं लालभडक आहे की!"

ती उत्तर द्यायला गेली आणि थबकली. खरंच, फुली बरोब्बर लाल डागावर होती. पण तिच्या नकाशात लाल म्हणजे जोरात परत आलेला आवाज, म्हणजे टणक दगड. भोकाभोकांचा दगड आवाज मवाळपणे परत करतो. ती जागा निळी होती, वस्तीमागच्या ओसाड माळावर. लाल दिसलं की तिथेच घबाड, ही चूक नकाशा पाहणारा प्रत्येक नवखा करायचा. पण जमिनीच्या पोटात पाहणाऱ्या तळव्यांनीही नेमकी तीच चूक करावी?

बाबा रोज सकाळी साहेबांची खोली 'शुद्ध' करायला यायचे. बसायचे ते नकाशासमोरच्याच खुर्चीत.

ती आपल्या टेबलाकडे परतली. नकाशाला कुठला रंग द्यायचा हे काढणाऱ्यावर असतं. तिने फक्त रंगांची अदलाबदल केली. भोकांचा दगड लाल, टणक दगड निळा. नवा नकाशा जुन्याच खिळ्याला टांगला.

दुसऱ्या दिवशी बाबा खोली शुद्ध करून बाहेर पडले ते थेट माळावर. तिथे त्यांनी अशी काही उडी मारली की चेलाच घाबरला.

"पेटले! भूमातेने कूस बदलली, लेकरांनो! समुद्र इकडे सरकला!" चेल्याने तिथेही चुन्याची फुली मारली.

साहेब खुशीत तिच्याजवळ आले. "घ्या! तुम्ही म्हणत होता तीच जागा. आत्याचं घरही वाचलं. आता तरी खूश?"

क्षणभर तिला वाटलं, गप्प बसावं. घर वाचलं, विहीरही योग्य जागी होणार. कशाला वाकड्यात शिरा?

"नाही," ती म्हणाली. "आज माझ्या रंगाने घर वाचलं. उद्या दुसऱ्या कुणाच्या रंगाने दुसऱ्या कुणाचं पडेल."

आणि ती सरळ गर्दीच्या मधोमध जाऊन उभी राहिली. "बाबा, भूमातेने कूस बदलली आणि कुणाची कपबशीसुद्धा नाही फुटली?"

कुणीतरी फिस्सकन हसलं.

"माझी यंत्रं या जमिनीत कान लावून बसली आहेत. त्यांना तुमची उडी ऐकू आली, भूमातेची नाही. बदलले ते फक्त नकाशाचे रंग. मी बदलले."

"नास्तिक पोरी!" बाबा गरजले. "माझे डोळे पायांत आहेत!"

"मग वरचे बांधले तर बिघडतं कुठं?"

गर्दी हलली. "बांधा की, बाबा! दाखवाच हिला!" माणसं ओरडू लागली. पुढे आली ती आत्या. भाचीचं तोंड कायमचं बंद करायचं म्हणून तिनेच ओढणी काढली आणि बाबांचे डोळे घट्ट बांधले.

ठोकेबाईने बाबांचा हात धरून त्यांना माळावरून फिरवलं, गल्लीत आणलं. वाटेत माळावरची मघाची फुली बाबांनी तुडवली. काही पेटलं नाही. आत्याच्या उंबऱ्यापुढची फुली तुडवली. तरी तळवे गार! शेवटी घामाघूम होऊन बाबांनी अंदाजाने एक उडी ठोकली, "पेटले!", आणि घोटाभर चिखलात उतरले. ते आत्याचं सांडपाण्याचं गटार होतं.

हशा असा उसळला की बाबांना ओढणी सोडायचंही भान राहिलं नाही. चेला तर केव्हाच पसार झाला होता.

आत्या हसली नाही. "आणि तुझी विहीर कोरडी निघाली तर गं?" तिने विचारलं.

"निघू शकते, आत्या. हा दगड भल्याभल्यांना चकवतो. पण माझं चुकलं तर कुठे चुकलं ते तुम्हाला दाखवता येईल, मला सुधारता येईल. यांचं चुकलं की भूमाता कूस बदलते." ती गर्दीकडे वळली. "माझ्यावरही विश्वास ठेवू नका. कसं कळलं ते विचारा. मला विचारा, साहेबांना विचारा, चमत्कार दाखवणाऱ्याला तर आधी विचारा. घर पाडायच्या आधी विचारा."

साहेब जमिनीकडे पाहत उभे होते. आत्या आत गेली आणि पाण्याची बादली घेऊन आली. उंबऱ्यापुढे उकिडवी बसून तिने ती फुली खसाखसा घासून काढली.

"बस इथं," ओला हात झटकत ती भाचीला म्हणाली. "आणि मला आधी सांग, दगडातून आवाज परत येतो म्हणजे काय."