डाग माझा नव्हता

मित्रांनो, मी एक जुना मायक्रोस्कोप आहे आणि मला माणसांच्या बोटांची किळस आली आहे. माझी जीभ आज कडू आहे, ऐकून घ्या.

मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात जे भिंग बसवतात, ते आमच्या कारखान्यात बनतं. मसुरीच्या दाण्याएवढं! लेथ मशीनच्या टोकाला बसवलेला हिरा ते कापतो, मी तपासतो. अकरा वर्षं माझ्यापाशी ताई बसायच्या. हातमोजे, टोपी, मास्क, सगळं चोख. डाग दिसला की त्या माझी डोळा लावायची काच फिरवायच्या. डागही फिरला, तर तो माझा. जागचा हलला नाही, तर भिंगाचा, आणि भिंग बाद.

ताई लेकीच्या बाळंतपणासाठी रजेवर गेल्या आणि त्यांच्या जागी साहेब बसले. वेफर खायचे, नाक चोळायचे, त्याच बोटांनी मला धरायचे. शी! काचेवर तेलाचा थर चढला. मग कुठलाही डाग दिसो, साहेबांचं उत्तर ठरलेलं: मायक्रोस्कोपच घाण आहे. काच फिरवायचे कष्ट कोण घेणार? चोर सोडून संन्याशाला फाशी! खरं तर हिऱ्याची धार गेली होती. प्रत्येक भिंगावर रेघ उठत होती आणि सगळी भिंगं पास होत होती.

कामगारांना आमचंच भिंग फुकट मिळतं. पॅकिंगच्या मावशींनी आपलं भिंग स्वतःच्या हातांनी डबीत भरलं आणि उजव्या डोळ्यात बसवून आल्या. त्यानंतर कुठलाही दिवा पाहिला की त्याला लांब शेपूट दिसायचं. साहेब म्हणाले, वय झालं, सवय होईल. बिचाऱ्या मावशींना ते पटलंसुद्धा.

ताई परतल्या. आधी त्यांनी मला पुसलं. कापसाचा बोळा काळाकुट्ट निघाला. मग मावशींचं भिंग ज्या खेपेतलं होतं, त्याच खेपेचं एक भिंग ठेवून काच फिरवली. रेघ हलली नाही. ताईंनी मावशींना बोलावून माझ्यासमोर बसवलं. मावशींनी डावा डोळा लावला आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"माझ्या डोळ्यात हेच आहे?"

"हो मावशी. पुन्हा ऑपरेशन करावं लागेल."

साहेब दारात उभे होते. बोटं पँटला पुसत होते.

मित्रांनो, मला हात लावण्याआधी हात धुवा. आणि डाग दिसला, तर मला नावं ठेवण्याआधी एकदा काच फिरवून बघा. सोमवारी मावशींचा डोळा पुन्हा कापणार आहेत.